ब्रिस्टल: साखर आली, माणसं आली नाहीत

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाराच्या खुणा बघत फिरायचं, तर आधी एक दंतकथा बाजूला सारावी लागते. रेडक्लिफच्या गुहांत गुलाम डांबून ठेवायचे, असं अजूनही सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या गुहा काचेसाठी वाळू काढताना पोखरल्या गेल्या. इथली जहाजं पितळी भांडी, कापड, बंदुका घेऊन पश्चिम आफ्रिकेला जायची, तिथून माणसं कोंबून कॅरिबियन बेटांवर आणि तिथून साखर भरून परत. १६९८ ते १८०७ दरम्यान अशा दोन हजारांहून जास्त सफरी झाल्या. त्या जहाजांतल्या बहुतेक माणसांनी हे शहर कधी पाहिलंच नाही. मग फिरणाऱ्याला दाखवायचं काय?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या ७ नंबरच्या घरात मिळालं. नेव्हिस बेटावर उसाचे मळे असलेल्या जॉन पिनीचं हे घर, आता संग्रहालय. देखणा जिना, तळघरात थंड पाण्याचं दगडी स्नानकुंड. गडी-नोकरांच्या हातांशिवाय असं घर एक दिवस चाललं नसतं, हे स्वयंपाकघरात उभं राहिलं की कळतं. त्यांतलाच एक पेरो जोन्स. १७६५ साली, बारा वर्षांचा असताना, पिनीने त्याला दोन बहिणींसकट विकत घेतलं होतं. बंदरावरच्या पादचारी पुलाला १९९९ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. पुलावर शिंगांसारखी दोन प्रचंड वजनं आहेत. लोक त्यांचे फोटो काढतात, पाटी फारसं कोणी वाचत नाही.

एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्याभोवती मात्र गर्दी. गुलामांच्या व्यापारातल्या या बड्या असामीला शहराने १८९५ मध्ये चौकात उभं केलं आणि जून २०२० मध्ये आंदोलकांनी पाडून बंदरात ढकललं. आता एम शेड संग्रहालयात तो आडवाच ठेवलाय, अंगावरच्या रंगासकट. उभा न करण्याचा निर्णय मला फार आवडला. पण खरं सांगायचं तर पुतळा पाहून राग येतो आणि तिथेच संपतो. पिनीच्या घरात तसं होत नाही, कारण ते घर आपल्यालाही आवडलेलं असतं!

आपली मंडळी कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढून परततात. (त्यांचं निधन याच शहरात, १८३३ मध्ये झालं.) पिनीचं घर तिथून चालत काही मिनिटांवर आहे. हिवाळ्यात बंद असतं, तेवढं बघून जा.