गोडावणाच्या माळावर

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तीन हिवाळे खेटे घालूनही मला माळढोक, म्हणजेच राजस्थानातला गोडावण, दिसला नव्हता. तेथे आता एखाददुसराच पक्षी नोंदला जातो, हे कळल्यावर मी राजस्थानातील मरू राष्ट्रीय उद्यानाला जायचे ठरवले. जैसलमेरला जाणारे बहुतेक प्रवासी किल्ला आणि सम गावाजवळची वाळू पाहून परततात. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या 3,162 चौरस किलोमीटरच्या या उद्यानाची चौकशी फारच थोडे जण करतात.

डिसेंबरमध्ये आम्ही जोधपूरहून पोखरणमार्गे मोटारीने निघालो. हा सुमारे 280 किलोमीटरचा रस्ता सरळ, मोकळा आणि अतिशय देखणा आहे. खेजडीची झाडे हळूहळू विरळ होत जातात, आभाळ वाढत जाते, आणि जैसलमेर जवळ येऊ लागताच क्षितिजावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. त्यांचे फोटो मीही हौसेने काढले.

जैसलमेरमध्ये पोहोचताच वन खात्याकडे चौकशी केली आणि सर्वांची ओळखपत्रे एका पाकिटात घालून ठेवली. हा सीमाभाग असल्याने ती कुठेही मागितली जाऊ शकतात. उद्यानात जाण्यासाठी मात्र स्थानिक जीपवाला ठरवावा, हे मला एका फजितीनंतर पटले. आदल्या संध्याकाळी रस्ता पाहून ठेवावा म्हणून आम्ही आपली मोटार डांबरी रस्त्यावरून खाली उतरवली, आणि पन्नास पावलांतच पुढची चाके वाळूत रुतली. बकऱ्या घेऊन परतणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी चाकांतली थोडी हवा सोडायला लावली, वाळलेल्या झुडपांच्या फांद्या चाकांखाली टाकल्या आणि गाडी बाहेर काढून दिली. त्यांचेच ओळखीचे जीपवाले दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला घ्यायला आले.

जैसलमेरपासून साधारण 60 किलोमीटरवर असलेल्या, उद्यानातल्या सुदासरीला आम्ही उजाडता उजाडता पोहोचलो. वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, ही माझी समजूत तेथे मोडली. टेकड्यांनी उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापला आहे. उरलेला भाग खडकाळ माळ, मुरमाड सपाटी आणि सेवण गवत असा आहे. माळढोकाला हवे असते ते हे गवत. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे गुरे, कुत्री आणि माणसांची वर्दळ यांपासून मोकळा असलेला माळ उरला नाही, तर वीण टिकत नाही. येथे वन खात्याने कुंपण घालून राखलेल्या गवताळ पट्ट्यांचे मोल मला प्रत्यक्ष पाहूनच कळले.

पहिले दोन तास चिंकारा, एक खोकड आणि आकाशात चढत जाणारी गिधाडे एवढेच दिसले. जीपवाल्यांनी इंजिन बंद केले आणि नुसते बोट दाखवले. गवताच्या वर एक पांढरी मान उभी होती. माथ्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, म्हणजे नर. मीटरभर उंचीचा तो पक्षी एकेक पाऊल जपून टाकत चालला होता. मध्येच थांबून त्याने मान वळवली, खाली वाकून काहीतरी टिपले आणि पुन्हा ताठ उभा राहिला. जगात दीडशेच्या आसपास उरलेल्यांपैकी एक माझ्या दुर्बिणीत होता, आणि माझे हात थरथरत होते. आम्ही खाली उतरलो नाही, पुढेही सरकलो नाही. दूरवर जाऊन तो गवतात दिसेनासा झाला तेव्हाच जीप सुरू झाली.

परतताना जीपवाल्यांनी रस्त्याकडेच्या विजेच्या तारा दाखवल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे तार जवळ आल्यावर त्याला चटकन वळता येत नाही. तारा जमिनीखाली घालण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये आदेश दिला आणि 2024 मध्ये तो बदलला, हे मी वाचलेले होते. पण येताना ज्या पवनचक्क्यांचे फोटो मी हौसेने काढले होते, त्यांच्याच तारांखालून जाताना ते वाचणे आणि हे पाहणे यांतले अंतर मला जाणवले. काही तारांवर, त्या पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून, लहान फिरते फलक लटकवलेले होते. पोखरण येईपर्यंत मी कोणत्या तारांवर ते आहेत आणि कोणत्यांवर नाहीत, एवढेच पाहत होतो.