"मला झालता ना डेंगू, आता काय होतंय?"

ड्रमचं झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळायल्या, आणि मामा वर मलाच म्हणतेत, "अरे मला दोन वर्षाखाली झालता डेंगू, आता बॉडीत पावर आलीय, काई होत नसतंय."

अर्धं खरंय त्यांचं. डेंगूचे 4 प्रकार असतात, जो एकदा होऊन गेला त्याची इम्युनिटी बहुतेक आयुष्यभर टिकते, पण बाकीच्या तिघांपासून संरक्षण थोडेच महिने. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की पुढं वेगळ्या प्रकारचा झाला तर जुन्या अँटीबॉडीज व्हायरसला अडवायचं सोडून पेशीत शिरायला मदतच करू शकतात, म्हणून दुसऱ्या वेळेस सिरियस व्हायची भीती जास्त, मग माणूस कितीबी धडधाकट असू द्या.

वरून बऱ्याच जणांना पहिला होऊन जातो ते कळतबी नाही. साधा ताप म्हणून सोडून देतेत, नाहीतर तेवढंबी नाही. म्हणजे "मला कधी झालाच नाही" म्हणणाऱ्याचंबी काही खरं नाही.

मामाला एवढं सगळं सांगितलं तर म्हणले, "नळाला पाणी कधी येतंय सांग, मग ड्रम रिकामा करतो." यावर काय बोलणार?

तुमच्यात कुणाला दोनदा झालाय का? दुसऱ्या वेळेस कसं गेलं?