आमची वाटचाल : तेजाबाचं पाणी ते काळा गाळ

भंडारा म्हणजे पितळेचं शहर. आमच्या गावातल्या घरीही भांड्यांचंच काम. घडवलेलं भांडं गंधकाच्या तेजाबात (सल्फ्युरिक ॲसिडमध्ये) बुचकळून उजळायचं, मग धुवायचं. ते निळसर पाणी नालीतून थेट धानाच्या बांधीत जाई, तांबं आणि जस्त घेऊन. पुढे भांड्यांचा धंदा स्टीलने खाल्ला. बाबा म्हणाले, दुसरं काही बघ. मी त्या पाण्यालाच धरलं.

त्यातलं तांबं-जस्त काढायला आम्ही जमिनीत बंद टाकी बांधून देतो. आत तणीस (धानाचा पेंढा), शेणखत, चुनखडीची गिट्टी आणि विरजणाला मालगुजारी तलावाच्या (गावच्या जुन्या सिंचन तलावाच्या) तळचा काळा चिखल. तेजाबामुळे पाण्यात सल्फेट आयतंच असतं. चिखलातले जिवाणू कुजत्या तणसावर जगतात आणि हवा नसल्याने श्वासाला सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो धातूला गाठतो आणि न विरघळणारं सल्फाइड तळाशी बसतं. तांबं आंबट पाण्यातही बसतं, जस्ताला मात्र आम्लता उतरावी लागते. गिट्टी त्यासाठीच. नेदरलँड्समध्ये बुडेलच्या जस्त कारखान्यात १९९२ पासून ही क्रिया मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

तोच वायू जीवघेणा. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, फार झाला की नाकाला कळेनासाच होतो. म्हणून ‘वास गेला, आता उतरतो’ म्हणणाऱ्या गड्याला आधी मागे ओढायचं. टाकीत माणूस उतरवायचा नाही, ही अट आम्ही कोटेशनवरच छापतो.

गिऱ्हाईक विचारतं, “भाऊ, जंतू तांबं खाऊन टाकतात ना?” नाही. तांबं कुठे जात नाही, पाण्यातून गाळात येतं. गाळ उघड्यावर वाळवला की हवा लागून ते पुन्हा विरघळायला लागतं. म्हणून गाळ ओलाच, झाकून, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात न्यायचा. त्या भाड्यावर बरेच सौदे मोडतात. जिवाणूंच्या पुड्या विकणारे हा खर्च सांगतच नाहीत, त्यांचं स्वस्त दिसणारच.

शोऱ्याचं तेजाब (नायट्रिक ॲसिड) वापरणाऱ्यांना आम्ही ही टाकी देत नाही; पाण्यात नायट्रेट असलं की श्वासाला आधी ते वापरलं जातं, सल्फेटची पाळी मागे पडते. क्रोम प्लेटिंगचं पाणीही सध्या घेत नाही. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) तीव्र असलं तर जिवाणूंनाच मारतं, त्यामुळे आधी ते त्रिसंयुजी (कमी विषारी) करणारी वेगळी टाकी लागेल. तिची चाचणी घरामागे चालू आहे.