पंच्याऐंशी नंबरची पिन

गिऱ्हाईक फोनवर काय सांगतंय याला मी फारशी किंमत देत नाही. फोन बॉनेटजवळ धरा आणि सेल्फ मारा, एवढंच सांगतो. इंजनात कॉम्प्रेशन असेल तर आवाजाला ठेका असतो, घर्र-घर्र-घर्र. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर ठेका जातो आणि नुसतं सुर्रर्र करून इंजन मोकळं फिरतं. बॅटरी उतरलेली गाडी तर फिरतच नाही, टकटक करते.

आषाढातली गोष्ट. खानापुरात सकाळपासून धो-धो चाललेला. फोन जांबोटीहून आला. वडगावचे मामा, साड्यांचे गठ्ठे घेऊन गोव्याच्या दुकानांत फिरणारे. गोव्याहून चोर्ला चढून, कणकुंबी मागं टाकून जांबोटीला चहाला थांबले, आणि परत चावी फिरवली तर गाडी पकडेना.

"बॅटरी गेलीया बहुतेक मिस्त्री. अर्ध्या तासापासून सेल्फ मारूलालोय."

ऐकलं. ठेका नीट होता. म्हणजे बॅटरी नाही, बेल्ट नाही. "मामा, आता हात लावू नका," म्हटलं आणि पोरग्याला मागं बसवून निघालो. पोरगं म्हणजे माझा हेल्पर, तालुक्याच्या पूर्वेकडचा, कानडी घरातला. हात हुशार आहे. बोलतं मात्र कमी.

पोचलो तर मागची सीट उचकटलेली आणि साड्यांचे गठ्ठे चहाच्या टपरीत प्लास्टिकखाली. गावातल्याच एकानं बघून 'पंप गेला', म्हणजे टाकीतून इंजनाला पेट्रोल ढकलणारा पंप, म्हणून निकाल दिला होता. टाकीवरची झाकणी उघडून, साडेचार हजार सांगून, पंप आणायला बेळगावला माणूस पाठवायची तयारी चाललेली. या आमच्या धंद्यातल्या रोगावर औषध नाही. पंप वाजत नाही म्हणून पंप बदला, लाइट लागत नाही म्हणून बल्ब बदला. त्याच्यापर्यंत करंट येतोय का, हे कुणी बघायचं?

स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. सेल्फ मारताना आरपीएम २२० दाखवत होता, म्हणजे इंजनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर जिवंत आहे. सेन्सर मेला असता तर इंजन फिरत असूनही तिथं शून्य दिसलं असतं. चावीचा दिवा लागून विझत होता, इमोबिलायझरची, म्हणजे चोरीविरुद्धच्या कुलपाची, तक्रार नाही. ठिणगी निळी. मग एअर क्लीनरचा पाइप काढून आत कार्ब क्लीनरचा एक फवारा मारला आणि पोरग्याला सेल्फ मारायला लावला. गाडी भुर्रकन पकडली आणि दोन सेकंदांत मेली. म्हणजे खायला घातलं तर चालते. पेट्रोलच येत नाही.

आता पंपाचा सॉकेट. इथं सगळे मल्टीमीटर लावतात आणि फसतात. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून ठेवलाय, पंधरा वर्षं तोच. करंट खरा असेल तर बल्ब भरून पेटतो, नुसता भास असेल तर लालसर होऊन गप्प. त्यात आणखी एक मेख आहे. चावी ऑन केल्यावर पंपाला दोनच सेकंद करंट मिळतो, इंजन फिरायला लागलं की मग सलग. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं दिव्याकडं बघत बसायचं. पोरगं मागच्या सीटवर ओणवं.

"करंट इल्ल अण्णा." म्हणजे करंट नाही.

बॉनेटखालच्या डब्यात फ्यूज चांगला. रिले म्हणजे करंटनं चालू-बंद होणारं स्विच. त्याच्यावर बोट ठेवलं तर टक् जाणवत होतं. रिलेतून बाहेर येणाऱ्या वायरीवर बल्ब लावला तर लख्ख. पुढून करंट निघतोय आणि मागं पोचत नाही. मग वाट धुंडायची. ही वायर डाव्या बाजूनं, दाराच्या उंबऱ्याखालून मागं जाते. पायाजवळची प्लास्टिकची पट्टी काढली, तर खालचा गालिचा पिळून पाणी निघेल एवढा ओला. काचेखालच्या पत्र्यातून गळत असणार. उंदरांनी वायर खाल्ली असेल म्हणून हात घातला, तर बोटांना चिकट इन्सुलेशन टेप लागली. कंपनीची वायर मधेच कापलेली आणि दोन्ही टोकं पीळ मारून भलत्याच वायरींना बांधलेली. सोल्डरचा डाक नाही, वरून स्लीव्हची नळी नाही. ज्यानं हे काम केलं त्याला एकदा माझ्यासमोर बसवावा.

त्या वायरी गेल्या होत्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागं. तिथं एक जादा रिले आणि काडेपेटीएवढा काळा डबा. जीपीएस. लांबून मेसेज करून गाडी बंद करायचा.

मामांना दाखवला. "हे काय गा?" म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका गाडीविक्याकडून रोख पैसे देऊन गाडी घेतली होती. आरसी मागितली. मालक दुसराच, आणि खाली फायनान्सवाल्याचं नाव तसंच. बोजा उतरलेला नाही.

"एनओसी देतो म्हणालाय."

आमच्याकडं हे सर्रास चालतं. कर्नाटकाचा रोड टॅक्स चढा, म्हणून महाराष्ट्रातली गाडी आणायची, एमएचच्या पाटीवर वर्ष-दोन वर्षं फिरवायची आणि आरटीओची एनओसी येतीया येतीया म्हणत राहायचं. पण आधी फायनान्सचा ३५ नंबरचा, बोजा उतरवायचा फॉर्म, मग पुढची एनओसी, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि विकणारा सांगत नाही. मामांनी तिथल्या तिथं त्या विक्याला फोन लावला. दोनदा वाजून गेला.

पाऊस वाढला होता. टपरीवाला गठ्ठे कधी उचलणार म्हणून विचारत होता. मी पक्कड घेतली, रिले कापून काढला, कंपनीची वायर कंपनीच्या वायरीला जोडून क्रिम्प केली, वर स्लीव्ह चढवली. अर्ध्या सेल्फला गाडी सुरू. सहाशे रुपये घेतले. मामांनी हात जोडले. त्या पंपवाल्याकडं मी मुद्दाम बघितलं, तो सरळ चहा पीत होता.

परत येताना जांबोटीच्या उतारावर पोरगं मागून म्हणालं, "अण्णा, रिलेच्या कॉइलला, त्या आतल्या वेटोळ्याला, करंट होता काय?"

मी उत्तर दिलं नाही. कारण बघितलंच नव्हतं.

असले रिले उलटे जोडतात. एरवी करंट ३० नंबरच्या पिनमधून ८७ए मधनं सरळ जातो. डब्याला 'बंद कर' असा मेसेज आला की तो ८५ आणि ८६ वर कॉइलला करंट देतो, पाती उचलली जाते आणि पंप मरतो. चावी ऑन ठेवून मीटरची दोन टोकं त्या दोन पिनांना लावली असती तर पाच सेकंदांत कळलं असतं. १२ व्होल्ट दिसले, तर कुणीतरी गाडी मुद्दाम थांबवली. काहीच दिसलं नाही, तर नुसता रिले पाण्यानं खराब. आणि मी, लोकांना मोजून मग हात लावा म्हणून शिकवणारा, थेट पक्कड चालवली.

रात्री गॅरेजात रिले फोडला. पाती काळी पडलेली, हिरवा गंज. मीटर लावून टिचकी मारली की कधी जोड लागायचा, कधी नाही. म्हणजे रिलेच गेला असेल. ओला गालिचाही तेच सांगतो. पण मग आठवतं, कणकुंबीच्या रानात मोबाईलला रेंज नसते. अडकलेला मेसेज जांबोटीला रेंज आल्यावर पोचला असेल, आणि असले बरेच डबे गाडी उभी राहीपर्यंत वाट बघतात, चालत्या गाडीचा पंप तोडत नाहीत. गाडी नेमकी चहाला थांबल्यावरच मेली.

डब्याला बॅटरी जोडून बघितलं, चांगला रिले लावून. टक् झालं नाही. पण काही डबे करंट तुटला की मागचं विसरतात, काही लक्षात ठेवतात. याच्यावर ना कंपनीचं नाव ना मॉडेल. हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता. मग लक्षात आलं की आता हा माझ्याच गॅरेजचा पत्ता कुणाला तरी सांगत असणार. सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

पोरग्याचं म्हणणं, मामांनी पैसे मोजलेत, आपण वायर जोडली, बास. खरंय. पण हप्ते कुणी थकवले असतील तर तिकडंही कुणीतरी पैसे मोजलेतच की. मामांना फसवलं असेल तर मी मदत केली. नसेल तर काय केलं, ते मला नीट सांगता येत नाही.

दहा-बारा दिवसांनी मीच मामांना फोन केला.

"गाडी कशी हाय?"

"एका सेल्फला, मिस्त्री. एकदम झकास."

"आणि एनओसी?"

"येतीया म्हणूलाय तो," मामा म्हणाले. मग म्हणाले, "तो डबा तुमच्याकडंच हाय न्हवं? टाकू नका हं."