बोटीने जायचा डोंगर

डोंगर चढायचा म्हणून पहाटे उठून बूट आवळले आणि पहिलं काम काय, तर लाइफ जॅकेट घालून बोटीत बसणं. वासोटा किल्ल्याचं असंच आहे. सातारा, कास, बामणोली, मग कोयनेच्या शिवसागर जलाशयातनं तास-दीड तास लाँच, इंजिनाचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, म्हणून सगळे गप्प झाडीकडे बघत बसतात.

किल्ला पहिल्यापासून आडबाजूचाच, नाहीतर शिवाजी महाराजांनी राजापूरचे पकडलेले इंग्रज इथे आणून ठेवले नसते. पण आजच्याइतका एकटा नव्हता. 1964 ला कोयनेचं धरण पूर्ण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, पुढे अभयारण्य झालं आणि पायथ्याचं मेट इंदवली गाव पण उठलं. सुकाणू धरलेले काका मान न वळवता म्हणाले, "आज्याचं भात इथंच व्हायचं, आत्ता आपण हाय ना, त्याच्या खाली." मी म्हटलं हो का, आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना.

पायथ्याला वनखात्याच्या चौकीवर बॅगा रिकाम्या करून प्लॅस्टिक मोजतात. मी छातीठोकपणे दोन बाटल्या सांगितल्या, निघाले आठ नग, त्यात मागच्या ट्रेकच्या चिक्कीचा कागद. मग ओढा, मारुती-गणपती, आणि सरळ रान. म्हणजे दोन तास फक्त चढ आणि पाचोळा, उन्हाचे कवडसे पायाशी, डोंगर कुठे आहे तेच दिसत नाही! इथे बिबट्या, अस्वल, गवे आहेत. आम्हाला दिसलं ते शेण, त्यावरही पाच मिनिटं चर्चा.

वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, टाकं. बाबू कड्याशी मात्र एकदम सगळं उघडं होतं, घोड्याच्या नालासारखा वळलेला काळा कडा, समोर जुना वासोटा म्हणतात तो डोंगर, खाली कोकण, आणि वारा असा की टोपी हातात धरून ठेवायची. मुक्कामाला परवानगी नाही, बोटीची वेळ ठरलेली, त्यामुळे तिथेही कुणीतरी घड्याळ बघतच होतं.

परतताना मी सारखा कडेला वाकून पाण्यात बघत होतो. हिरवं, गढूळ, काही दिसत नाही. काकांनी इंजिन जरा कमी केलं.

"काय पडलं का वो दादा?"