हात हलवला आणि क्रेन थांबली

परवा शनिवारी मी समोरच्या आजींना हात हलवून ‘हॅलो’ केलं आणि अख्खी क्रेन थांबली. आमच्या छपरावर ओंडका लटकतोय, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी हात तसाच धरून उभा.

मागच्या अंगणातला अ‍ॅशचा वृक्ष मेला होता. मिशिगनमध्ये हे नवीन नाही. झाडाची साल पोखरणारा हिरवा चकचकीत किडा २००२ साली डेट्रॉइटजवळच सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅश मरतायत. किडा आशियातला, बहुधा सामानाच्या लाकडी खोक्यांतून आलेला, इथे छान रुळलेला. मी या विषयावर फार बोलत नाही.

मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, त्यामुळे फांद्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून क्रेन. तिचे पाय टेकायच्या आधी पहिला प्रश्न, ‘सेप्टिक टँक कुठे आहे?’ मग पायांखाली जाड फळ्या. मग आम्हाला घराबाहेर काढलं.

त्या दिवशी एक पोरगा शिकायला होता. मुकादम त्याला प्रत्येक तुकड्याआधी विचारायचा, ‘किती भरेल?’ एक तुकडा वीस इंच जाड, आठ फूट लांब. मी इंजिनिअर, मनातल्या मनात गणित केलं: ७३० पौंड. पोरगा म्हणाला, ८४०. मी सुक्या लाकडाचा आकडा धरला होता, त्याने ओल्याचा, घनफुटाला ४८ पौंड. झाड मेलेलं असलं तरी हिशेब ओल्याचाच धरायचा. मुकादमाने त्यावर आणखी थोडं चढवलं आणि क्रेनचा वजनाचा तक्ता बघितला, कारण बूम, म्हणजे क्रेनचा हात, जितका लांब जातो तितकी क्रेनची उचलायची ताकद घटते. ‘कापल्यावर अंदाज चुकला असं कळलं, तर तुकडा परत चिकटवता येत नाही,’ तो म्हणाला. मला नाही, पोराला.

वरचा माणूस क्रेनच्या हुकाला लटकून गेला, तुकड्याला पट्टा बांधला, खाली उतरून स्वतःला खोडाला बांधून घेतलं आणि हुकापासून सुटला. त्यानंतरच पट्टा ताणला आणि करवत चालली. खुणा फक्त त्या पोराने करायच्या, बाकी कुणी नाही. अपवाद एकच: ‘थांब’. ती खूण कुणीही केली तरी ऑपरेटरने थांबायचंच. माझा हात नेमका तसाच हलला होता.

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मुकादम येऊन म्हणाला, ‘शंका आली तर परतही कर. फक्त आजींसाठी दुसरा हात वापर.’ मग पोराला बोलावून, ऑपरेटरने न विचारता का थांबवलं, हे माझ्यादेखत समजावलं. चार तासांत एकदाही आवाज चढला नाही. मला हे जरा लागलंच.

कारण आमच्या वेंगुर्ल्याला फणस उतरवला तेव्हा खाली बारा माणसं होती आणि बाराही जण खुणा करत होती. वर दाजीकाका, एक दोर, एक कोयता, तोंडात विडी. कौल एकही फुटलं नाही. तक्ता नव्हता, पण फांदी कुठे झुकणार हे त्यांना पायाच्या अंगठ्याला कळायचं. आणि क्रेन आणायची म्हटली तरी आमच्या पाणंदीत बैलगाडीसुद्धा वळत नाही. पुढे एका पावसाळ्यात काका पडले, अजून लंगडतात, पण ते माडावरून, नारळ काढताना. ती गोष्ट वेगळी.

रात्री बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा एकच प्रश्न, ‘लाकूड काय केलंस?’ सगळा भुसा करून नेला, हे सांगायला जीभ रेटेना. पोखरलेलं जळण दुसरीकडे नेऊ नये, किडा पसरतो, असं काहीतरी पुटपुटलो.

दाजीकाकांनी तो व्हिडिओ बाबांच्या फोनवर दोनदा बघितला म्हणे. मग विचारलं, ‘तो वर गेलो कसो?’ बाबांनी सांगितलं, हुकाला लटकून.

‘मगे तो चढूक नाय,’ काका म्हणाले. ‘तेका टांगल्यानी.’