चूक घडायची वाट बघत बसायचं नाही

एरर करेक्शन, म्हणजे वाटेत बिघडलेला मेसेज दुरुस्त करणं, म्हटलं की लोकांना वाटतं हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं खातं, फिजिक्सवाल्यांनी कशाला लुडबुड करायची. पण आतलं गणित तेच आहे वो. बिटला ० आणि १ च्या जागी +१ आणि −१ म्हणा, झाला स्पिन (वर नाहीतर खाली तोंड केलेलं इवलंसं चुंबक), आणि चूक पकडायला घातलेला पॅरिटी चेक म्हणजे ठराविक स्पिनांचा गुणाकार +१ यायला पाहिजे, बास. १९८९ला सूर्लास या फिजिक्सवाल्यांनी हे दाखवलं, की खराब होऊन आलेला मेसेज दुरुस्त करणं म्हणजे स्पिन ग्लासची (एकमेकांशी न जुळणाऱ्या स्पिनांच्या गोंधळाची) सगळ्यात कमी एनर्जीची अवस्था हुडकणं.

पण खरा नाद खुळा प्रकार म्हणजे एरर फ्लोअर. फाईव्ह-जीत वापरतात ते एलडीपीसी कोड घ्या (यात दर पॅरिटी चेकमध्ये थोडेच बिट असतात), नॉईज कमी केला की चुका धाडकन कमी होतात, आणि मग एका जागी ती घसरणच मंदावते. हार्ड डिस्कवाल्यांना समजा लाख कोटी ब्लॉकमागं (ब्लॉक म्हणजे एकत्र दुरुस्त होणारा बिटांचा गठ्ठा) एकच चूक चालते, तर ती सिम्युलेशननं बघणार कशी? सेकंदाला १०,००० ब्लॉक डिकोड केले तरी सरासरी एक चूक दिसायला ३ वर्षं, तोवर गाईड रिटायर!

इथं इन्स्टंटॉन कामाला येतो. कोकणातून कोल्हापूरला यायला सह्याद्रीचं शिखर न् शिखर कोण चढत नाही, सगळी गर्दी गगनबावड्याला नाहीतर आंबा घाटात. तसंच डिकोडरला, म्हणजे मेसेज दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅमला, फसवणारे नॉईज ढिगानं असतात, पण गाऊसियन नॉईज जितका मोठा तितका तो दुर्मिळ, म्हणून त्यातला जो सगळ्यात लहान, बहुतेक चुका त्याच्याच आसपास होतात. तोच इन्स्टंटॉन, मग तोच थेट शोधायचा.

स्टेपानोव, चेर्न्याक, चेर्टकोव आणि वासिच यांनी २००५ला १५५ बिटांच्या टॅनर कोडवर (हाही एक एलडीपीसी कोड) हेच केलं. कोडचं डिस्टन्स २०, म्हणजे कुठलेही दोन बरोबर मेसेज किमान २० बिटांनी वेगळे, पण ४ इटरेशनचा (चार फेऱ्यांचा) डिकोडर जेमतेम १० च्या इफेक्टिव्ह डिस्टन्सलाच गंडत होता, जणू कोडचं डिस्टन्स १०च आहे, म्हणजे कोड चांगलाच आहे, ग्राफमधल्या (बिट आणि चेक जोडणाऱ्या जाळ्यातल्या) लूपमुळं डिकोडर स्वतःचीच अफवा फिरून ऐकतो आणि खरी मानतो.

आता अडचण अशी की हा शोध कुठल्यातरी भलत्याच खिंडीत अडकू शकतो, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून परत परत चालवावा लागतो आणि तरी सगळ्यात खालची वाट सापडलीच याची गॅरंटी नाही. पण कुठल्या बिटांवर घोळ होतोय ते नंबरासकट कळतं, आणि ग्राफमधल्या तेवढ्या कड्या बदलून बघता येतात.